आधी कोणाचं रक्त

डोंबिवलीचा पेशंट ठाण्याला येतो, ठाण्याचा कल्याणला जातो. लोकलचे धक्के परवडतात. केसपेपरच्या रांगेत बिल्डिंगमधलं कुणी भेटलेलं परवडत नाही. मी लैंगिक आजारांच्या दवाखान्यातली समुपदेशक. दारावर 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी, तरी लोक आत येताना आधी मागे बघतात.

"उष्णता झालीय," इथून सुरुवात. चेहऱ्याकडे बघत विचारलं की उत्तरं आटतात, म्हणून मी कागदावर लिहिता लिहिताच विचारते. जळजळ होते? चट्टा आहे? दुखतो? "दुखत नाही" म्हटलं की मी सावध होते. सिफिलिसचा पहिला चट्टा सहसा दुखत नाही आणि औषधाशिवायही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. श्रेय स्टेशनबाहेरून आणलेल्या मलमाला, आजार मात्र अंगात तसाच.

औषधाचं त्या मानाने सोपं. सरकारी कार्यक्रमात लक्षणांप्रमाणे रंगीत किट ठरलेले आहेत: स्रावाला राखाडी, चट्ट्याला पांढरा. पांढऱ्यात पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन. कमरेत घेताना भलेभले कळवळतात.

अवघड असतं ते जोडीदाराला आणणं. गरोदर बाईचं रक्त नाव नोंदवतानाच एचआयव्ही आणि सिफिलिससाठी तपासतात. नवऱ्याचं आपणहून कोण तपासतं? म्हणून घरात पहिला रिपोर्ट येतो तो तिच्या नावाचा, आणि ज्याचा रिपोर्ट त्याचा दोष. आधी कुणाला झालं हे त्या कागदावरून कळत नाही, पण ऐकतो कोण! एचआयव्हीच्या गुप्ततेला निदान 2017च्या कायद्याचं कवच आहे. ते तरी माजघरापर्यंत कुठे पोचतं?

कोनगावच्या एका सुनेचा सिफिलिसचा रिपोर्ट सासूच्याच मुठीत होता. "हिने कुठून आणलं ते विचारा, मॅडम." सासूबाईंना मी शिक्का मारून आणायला पाठवलं. पोरगी तेवढ्यात एवढंच म्हणाली, "बाळाला होईल का?" वेळेत इंजेक्शन घेतलं तर बाळ बहुधा वाचतं, हे सांगितलं. नवऱ्याला बोलावू का, हेही विचारलं. तिने मान हलवली.

तो आला शनिवारी, गोदामाची सुट्टी बघून. "तिचं झालं ना? मग माझं कशाला?"

"तुम्ही राहिलात तर तिला पुन्हा होईल."

बराच वेळ मोबाईल चाळून त्याने बाही वर केली. "रिपोर्ट कुणाच्या हातात देणार?"

"तुमच्या."

"आईला नाही ना?"