कॅम्प नंबर किती?

बदलापूर गावातली जुनी माणसं लग्नाचं कापड घ्यायला ‘उल्हासनगरला’ जात नाहीत, ‘कॅम्पात’ जातात. ज्याला आपण इंग्रजी म्हणतो तो हा शब्द इंग्रजांनीही उसनाच घेतलेला. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये मार्स या युद्धदेवाच्या नावाच्या मैदानावर सैन्याची कवायत चाले. मैदानावरून अर्थ लढाईकडे सरकला आणि तिथून लष्कराच्या मुक्कामाकडे. चॅम्पियन आणि कॅम्पेन ही याच घरातली भावंडं. कॉलेजचं आवार तेवढं मूळ अर्थाजवळ राहिलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला, तेव्हा हा शब्द आपल्याकडे लष्करी अर्थानेच आला. फाळणीनंतर त्याच रिकाम्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय झाली. 1949 मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नवं नाव मिळालं. कॅम्पचे आकडे मात्र राहिले, एक ते पाच.

यावर आक्षेप असा की, पाऊण शतक नांदत्या शहराला मुक्कामाचा शब्द का चिकटवायचा? त्यात निर्वासितपणाचा शिक्का आहे. बाहेरचा माणूस नाक मुरडून ‘कॅम्पवाले’ म्हणतो तेव्हा तो आहेच, हे मान्य. पण तो दोष म्हणणाऱ्याच्या सुराचा. दुकानाच्या पाटीवर आणि घरच्या पत्त्यात तिथले लोक स्वतःच कॅम्प लिहितात. शिवाय तात्पुरतेपणा हा या शब्दाचा जन्मजात गुण नाही. मैदान कुठे उठून जातं? ज्यांना शब्द मुळाशी बांधूनच ठेवायचा आहे त्यांनी आपल्याच शब्दांकडे पाहावं. संस्कृतातलं शिबिर सैन्याचं होतं. आता तिथे योगासनं होतात आणि रक्त दिलं जातं. 2012-13 च्या दुष्काळात छावण्या उघडल्या त्या गुरांसाठी, आणि ‘चारा छावणी’ ऐकून कोणाला तलवारी आठवल्या नाहीत. खुद्द बदलापूरचं नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलं असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा रचलेली, आजच्या बदलापूरकराचं तिच्यावाचून काही अडत नाही.

मग शब्दाला हवा तो अर्थ द्यावा काय? तसंही नाही. अर्थ एकट्याच्या मर्जीने ठरत नाही, बोलणाऱ्यांच्या सहमतीने ठरतो, आणि ती सहमती जागेनुसार बदलते. पुण्यात कॅम्प म्हटलं की महात्मा गांधी रस्ता डोळ्यांसमोर येतो. शाळकरी पोराच्या तोंडी एनसीसीचा कॅम्प असतो. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात उल्हासनगर. गोंधळ कोणाचाच होत नाही. उलट अधिकृत नावच इथे अपुरं पडतं. कॅम्प एक ते तीन रुळांच्या पश्चिमेला, चार आणि पाच पूर्वेला. तेव्हा ‘उल्हासनगर’ एवढाच पत्ता घेऊन आलेल्या पाहुण्याने कोणत्या बाजूला उतरायचं, हे आकडा विचारल्याशिवाय सांगता येत नाही.