सावित्रीची खाडी आणि महाडची वाट

महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाचही नद्या इथूनच निघाल्या, असे आम्हांला तिथे सांगण्यात आले. गोमुखाचे राहू द्या. नदीने कुठे जायचे ते डोंगराचा उतार ठरवतो.

कृष्णा पूर्वेच्या उतारावर पडली. उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीची धार आडवी. म्हणून ती वाई, कराड, सांगली करीत कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरांवर बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गोळा केलेला गाळ मुखाशी पसरते. आंध्रातली मोठी भातशेती त्याच गाळावर होते.

सावित्रीचे तसे नाही. ती पश्चिमेला कोसळते आणि पोलादपूर, महाड करीत शंभर-सव्वाशे किलोमीटरांत हरिहरेश्वर-बाणकोटपाशी अरबी समुद्र गाठते. गाळ पसरून नवी जमीन करायला तिला ना वेळ, ना जागा. उलट समुद्रच तिच्या पात्रात आत शिरतो. तीच बाणकोटची खाडी.

या खाडीचे आपल्यावर उपकार आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरला आले, तिथून लहान बोटीने खाडीतून दासगावला उतरले आणि पुढचे पाच मैल पायी चालले. समुद्रातून बोट इतकी आत येते ती सावित्रीत. वाईच्या घाटावर बसून कुणी समुद्रावरच्या बोटीची वाट पाहत नाही! महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत, तीही घाटाखालच्या या जुन्या व्यापारी वाटेवरच.

पण आखूड नदीचा राग मोठा. घाटावरचा पाऊस काही तासांत खाली येतो, आणि नेमकी भरती असेल तर समुद्र पाणी घेत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. काही मृतदेह थेट समुद्रकिनारी मिळाले. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कृष्णाकाठीही महापूर येतो, पण तिथे पाणी दिवसेंदिवस चढते. इथे सामान माळ्यावर टाकायलाही सवड मिळत नाही.

२० मार्चला मुलांना घेऊन महाडला जाल, तेव्हा वाटेत दासगावला जरा थांबा. ओहोटी असेल तर नुसता चिखल दिसेल. भरतीपर्यंत थांबलात तर बोट कुठवर येत असेल, ते मुलांना दाखवता येईल.