आत्याच्या पत्त्यातलं अधिक

रविवारी सकाळी सकाळी सांगलीहून आत्याचा फोन. "अरे, माझंच काहीतरी चुकतंय बघ. तीनदा केलं, तरी म्हणतंय असं कुणी नाहीच."

आत्या निवृत्त शिक्षिका. डोळे तपासायची वेळ घ्यायला दवाखान्याच्या साइटवर नाव नोंदवत होती. तिचा जीमेलचा पत्ता मीच काढून दिलेला. वर शहाणपणा करून सांगितलेलं, की नावापुढे अधिकचं चिन्ह घाल आणि मग 'दवाखाना' लिही. पत्र तुझ्याकडेच येतं, शिवाय कुठून आलं ते कळतं. तिने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं.

फॉर्मने पत्ता मुकाट घेतला. खात्रीची मेलही आली. पण त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली की "असा वापरकर्ता नाही".

दुवा मागवून घेतला आणि बघताक्षणी ओळख पटली. दुव्यात प्रश्नचिन्हापुढे जी माहिती जाते, तिथे अधिक म्हणजे मोकळी जागा, असा फॉर्मांचा जुना संकेत आहे. खरंखुरं अधिक पाठवायचं तर ते 'टक्का-दोन-बी' असं लिहावं लागतं. ते कुणीतरी विसरलं. म्हणजे नोंदीत अधिक, आणि दुव्यातून पोचली मोकळी जागा. जुळणार कसं?

दवाखान्याच्या प्रोग्रामरला चार शब्द सुनावणार होतो, पण जीभ चावली.

२००६ साली, नोकरीत नवा असताना, अशाच एका फॉर्मसाठी मी नेटवरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन उचललं होतं. अक्षरं, आकडे, टिंब, रेघ. बाकी सगळं परत! आयर्लंडच्या एका बाईंची तक्रार आली. ओ'ब्रायनसारखं आडनाव, पत्त्यातही तो अपॉस्ट्रॉफी. मी ऐटीत उत्तर धाडलं, "कृपया वैध पत्ता द्यावा." अहो, वैधच होता तो! २००१ च्या आरएफसी २८२२ मध्ये @ च्या आधी अपॉस्ट्रॉफी, अधिक, अगदी उद्गारचिन्हसुद्धा चालतं. टिंबालाच उलट अटी : सुरुवातीला नको, शेवटी नको, लागोपाठ दोन नकोत. (२०१२ च्या आरएफसी ६५३१ पासून तर देवनागरी नावही चालतं, वाटेतल्या सर्व्हरांची तयारी असेल तर.) मी यातलं काही वाचलेलंच नव्हतं. बाईंनी दुसरा पत्ता दिला, आणि वर माझीच माफी मागितली. ते अजून टोचतं.

असो. "आत्या, तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "त्यांच्या कोडमध्ये बग आहे. मी त्यांना मेल लिहितो."

लिहिली. सविस्तर, दुव्यासकट. उत्तर अजून नाही.

संध्याकाळी पुन्हा आत्याचा फोन. "मिळाली रे वेळ, गुरुवारची. ते अधिक काढून टाकलं आणि लगेच झालं. वहीतही खोडलंय. तूही नको घालत जाऊस असलं काही."