मामांचं देणं

मेडिकल कॉलेजात प्रोफेसरांना सर म्हणतात आणि शिपायांना मामा. सरांचे आभार मानायला निरोप समारंभ असतो. मामांचे कुणी माइकवरून आभार मानल्याचं मला आठवत नाही. माझं देणं मात्र डिसेक्शन हॉलच्या मामांचं आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. फर्स्ट एमबीबीएस तेव्हा दीड वर्षाचं असे. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. नापास झालं की बॅच सुटायची. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. लेखी पेपर रेटून नेता येई, धास्ती होती ती व्हाय्वाची. ट्रेमध्ये हाडं, समोर परगावचे एक्स्टर्नल, आणि हातात ठेवलेलं हाड उजवं की डावं इथून सुरुवात. घाबरल्यावर तोंडाला कोरड का पडते हे गायटनच्या पुस्तकात सविस्तर होतं. ते पाठ असल्याने कोरड काही कमी होत नसे.

व्हाय्वाच्या वेळी ट्रे आणायचं काम मामांचं. वर्षानुवर्षं दाराशी उभं राहून त्यांना प्रश्नांचा क्रमच पाठ झाला होता. ‘क्लॅव्हिकल दिलं की पुढचं ठरलेलं, ताई. पोटातल्या बाळाचं कुठलं हाड पहिलं तयार होतं? हेच.’ माझा चेहरा बघून एका संध्याकाळी म्हणाले, ‘मला सांगत चला. पण मराठीत. विंग्रजी मला कळत नाही.’

मग हॉलला कुलूप लावण्याआधी मी त्यांना सांगू लागले. फॉर्मॅलिनने दोघांचेही डोळे चुरचुरत. ब्रॅकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्याची, पाच मुळं, तीन खोडं, पुढच्या फांद्या असं बोटांवर मोजून दाखवत होते, तेवढ्यात मामांनी थांबवलं. त्यांच्या भाच्याचा हात बाळंतपणात ओढला गेला होता. खांद्यापासून लुळा, आत वळलेला, तळवा मागे. ‘हीच नस का?’ हीच, वरची दोन मुळं, सी फाइव्ह आणि सी सिक्स. ‘मग बरा होईल?’

ते मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री लायब्ररीत बसून शोधलं. अशी बरीच मुलं पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतात, हाताला व्यायाम देत राहावा लागतो. हे परीक्षेत येईल का, हा विचार त्या रात्री मनात आला नाही. कितीतरी आठवड्यांत प्रथमच. दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं, तेव्हा ततपप झालं नाही. पुढे इंग्रजीत सांगायचं म्हणजे त्यातले शब्द तेवढे बदलायचे होते.

आता कॉलेजांत समुपदेशक असतात, मेंटॉर असतात. हवेतच. पण ज्याच्या हाती मार्क नाहीत आणि ज्याला उत्तराची खरोखर गरज आहे, असा ऐकणारा नेमणुकीने मिळत नाही.

व्हाय्वात मला फीमर आलं. ब्रॅकियल प्लेक्सस कुणी विचारलाच नाही. पास झाले, काठावर.

इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून मामांना शर्टाचं कापड नेलं. त्यांनी ते घेतलं, काखोटीला मारलं आणि विचारलं, ‘ताई, गुडघ्याचं काय करायचं?’ मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करून दाखवला, जिने कमी चढा म्हटलं. अ‍ॅनाटॉमीचं म्युझियम दुसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथले ट्रे वाहणारेही तेच.