गोलकीपरचं उभं राहणं

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या मातीतून मैदानावर आली आणि येताना पेठेपेठेतली ईर्षा सोबत घेऊन आली. आपल्या अनिकेत जाधवनं २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळून दाखवल्यापासून तर प्रत्येक पोराला फॉरवर्डच व्हायचंय. गोलात हौसेनं कोण जातो? उंच म्हणून, नाहीतर पळायचा कंटाळा म्हणून एखाद्याला तिथं उभा करतात. मी कंटाळ्यातला.

आता पोरांना कीपिंग शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यांना डाइव्ह मारायची असते. मी मारू देत नाही. दोन खांबांमधलं अंतर ७.३२ मीटर, आडवा बार २.४४ मीटरवर. एवढी जागा हातांनी झाकत नाही, पायांनी झाकावी लागते. बॉलपासून गोलच्या मध्यापर्यंत मनात एक रेघ ओढायची आणि तिच्यावरून हटायचं नाही. समोरून गडी एकटा आला की रेघेवरूनच पुढं सरकायचं. त्याला दिसणारा गोल आक्रसतो. फार पुढं गेलात तर तो डोक्यावरून अलगद टाकून मोकळा होतो. किती पुढं जायचं, ते त्याच्या पायाकडं बघून ठरतं. बॉल पायापासून सुटला की झडप, चिकटलेला असला की थांबायचं. जागा बरोबर असली की शॉट सरळ छातीवर येतो आणि लोकांना वाटतं, मारणाऱ्यानंच माती खाल्ली. डाइव्ह म्हणजे बऱ्याचदा उशिरा पडलेल्या पावलाची भरपाई असते. टाळ्या मात्र तिलाच.

पेनल्टीचं कौतुक मला कधी कळलं नाही. ११ मीटरवरून मारलेला बॉल गेला तर कीपरला कोण बोल लावतं? अडवला तर खांद्यावर मिरवणूक. खरी परीक्षा कॉर्नरला. गर्दीत बाहेर पडायचं की रेषेवर थांबायचं, हे बॉल हवेत असतानाच ठरवावं लागतं, आणि ठरवलं की ओरडून सांगावं लागतं. मुका कीपर कामाचा नाही. १९९२ पासून आपल्याच गड्यानं पायानं मुद्दाम मागं दिलेला पास हातात घेता येत नाही, तेव्हा पायही शिकवावे लागतात.

शाहू स्टेडियमवर गोलमागं बसणारे लोक मात्र वेगळे. बाकीचे सगळे गडी त्यांच्यापासून लांब. कीपर तेवढा हाकेवर. शिव्या त्यालाच, सल्लेही त्यालाच. त्यातले काही सल्ले, खरं सांगतो, प्रशिक्षकापेक्षा बरे असतात. भिंत लावताना जवळचा खांब उघडा राहिलाय, हे मागच्या म्हाताऱ्याला आधी दिसतं.

पुढच्या सामन्याला त्यांच्याजवळ जाऊन बसा. बॉल पलीकडच्या गोलकडं असेल तेव्हा दहा मिनिटं फक्त अलीकडच्या कीपरचे पाय बघा.