काकीच्या खळ्यातलं डॉगी पार्लर

तुमच्या डॉगीच्या अंगावरून शेवटचा कंगवा कुणी फिरवला होता? तुम्ही, की पार्लरमधल्या मुलाने? प्रामाणिक उत्तर द्या हं! माझं उत्तर मला मिळालं गणपतीत, थेट खारेपाटणला.

मुंबई-गोवा हायवेवर राजापूर मागे पडलं, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरताना लागतं ते खारेपाटण. गाडीतून दिसतो फक्त पूल, चहाच्या टपऱ्या आणि हिरवंगार काहीतरी. म्हणून बहुतेकजण न थांबता मालवणच्या दिशेने सुटतात. पण हे गाव साधंसुधं नाही, बॉस! विजयदुर्गच्या खाडीच्या मुखापासून सुमारे चाळीस किलोमीटर आत असलेलं हे जुनं बंदर. शिलाहार राजा रट्टराजाचा इ. स. १००८ चा ताम्रपट इथेच सापडला. परदेशातून येणाऱ्या जहाजांवरच्या कराचा उल्लेख त्यात आहे. आता जहाजं नाहीत. पावसाळ्यात पुराचं पाणी मात्र बाजारपेठेत शिरतं.

तर अशा गावी आमची स्वारी निघाली. सोबत चार वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर ब्रूनो. निघायच्या आदल्या दिवशी त्याचं पार्लर झालेलं. शाम्पू, ब्लो-ड्राय, परफ्यूम आणि गळ्यात लाल रुमाल. दर महिन्याचं हे बिल माझ्या स्वतःच्या हेअरकटपेक्षा जास्त येतं. ते ऐकून काकीने कपाळावर हातच मारला.

"गो, कुत्र्याक न्हाऊक घालूक पैशे मोजतंस?"

मी हसून विषय टाळला. दुसऱ्या दिवशी ब्रूनो सारखा कान खाजवायला लागला. ओल्या गवतात लोळून आला असेल, म्हणून मी दुर्लक्ष केलं. काकीने केलं नाही. खळ्यात पाट टाकून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटं थेट कानामागे घातली. काकीने जन्मभर गुरं सांभाळलीत.

"गोचीड लपतलो खंय, ता माका म्हायत आसा," ती म्हणाली.

कानाच्या पाळीखाली दोन, पुढच्या पायाच्या बेचक्यात तीन. टपोरे, राखाडी. पण खरा धक्का पुढे होता. पट्ट्याखाली केसांचा एक जाड गठ्ठा झाला होता, अगदी नारळाच्या काथ्यासारखा. तो बाजूला केल्यावर खाली लालभडक, ओलसर कातडी. एका दिवसात असा गठ्ठा होत नाही. म्हणजे आदल्या दिवशीच्या त्या महागड्या आंघोळीत तो तसाच भिजवून, वरवर सुकवून, वर परफ्यूम मारला होता!

पार्लरवर चिडले. खूप चिडले. मग वाटलं, पट्टा तर रोज मीच बांधते. चार वर्षांत त्याखाली बोट घालून बघितलं कधी?

काकी रॉकेलची बाटली आणायला उठली, तसा मी कणकवलीच्या व्हेटना फोन लावला. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, रॉकेल अजिबात नको. कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. चिमट्याने गोचीड कातडीलगत पकडायचा, सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. बोटांनी चिरडायचा नाही. गोचिडांमुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप येतात, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे जेवण आणि ताप यावर लक्ष ठेवायला सांगितलं. कुत्र्याने जंगलातून आणलेला गोचीड आपल्यालाही चावू शकतो. याच जिल्ह्यात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये गोचिडांमधून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. पुराच्या पाण्यातून येणारा लेप्टोही इथे ओळखीचा. २६ जुलै २००५ नंतर तो मुंबईनेही अनुभवलाय. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी द्यावी लागते.

मग सुरू झालं आमचं खळ्यातलं पार्लर. आधी कोरड्या अंगावर कंगवा, कारण गुंता भिजला की अजून आवळतो. गठ्ठा कात्रीने कापायचा मोह आवरला. कातडी कापली जाण्याची भीती असते. तो नंतर व्हेटकडच्या मशीनने काढला. चुलीवरचं कोमट पाणी मी ओतत होते आणि काकी अंग चोळत होती, जखमेची जागा सोडून. तिचा रिठा प्रेमाने नाकारून मी कुत्र्यांचा शाम्पू वापरला. माणसांचाही चालत नाही, त्यांच्या कातडीची जात वेगळी. शेवटी कान आतून कोरडे केले आणि जुन्या लुगड्याने अंग पुसलं. पावसाळी कोकणात काहीच वाळत नाही, गोल्डनच्या आतल्या दाट केसांचं तर नावच नको! पाऊण तास पुसत होतो.

"सगळे केसच काढून टाकूया का?" असं चुलतभाऊ म्हणाला. त्यालाही व्हेटनी नाही म्हटलं. अशा जातींचे आतले केस थंडीपासून तसे उन्हापासूनही राखतात आणि एकदा मुळापासून काढले की नीट येतीलच असं नाही.

त्या पाऊण तासात मला कळलं, की ब्रूनोला पोटावर गुदगुल्या होतात. मागच्या उजव्या पायाला हात लावलेला त्याला आवडत नाही. चार वर्षांत हे मला माहीत नव्हतं. सॅलरी माझी होती, हात दुसऱ्याचे होते.

पार्लर मी सोडलेलं नाही, फक्त बदललंय. काळी नखं, दाट गुंता ही कामं जाणकाराचीच. काळ्या नखातली रक्ताची नस दिसत नाही. पण आता दर रविवारी वीस मिनिटं ब्रूनोची, मोबाइल बंद ठेवून.

काकीचा परवा फोन आला. माझी चौकशी नंतर. आधी प्रश्न, "पट्ट्याखाली बघतंस मां?"

रविवारची वीस मिनिटं
• कंगवा आधी, पाणी नंतर.
• कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बोट फिरवा.
• गाठ, जखम किंवा वास जाणवला तर सरळ व्हेट गाठा.
• गावाला जाताना बॅगेत चिमटा, कंगवा, त्याचा शाम्पू, जाड टॉवेल आणि लसीचं कार्ड. गोचिडाचं औषध व्हेटना विचारूनच.