चालू आहे!

पन्नाशी उलटली की माणसाला चष्म्याचा नंबर वाढवून मिळतो. मोटारीला मात्र सरकारदरबारी पदवी मिळते. हे मला २०२४ साली कळलं, कारण त्या वर्षी आमच्या फियाटला पन्नास वर्षं पूर्ण झाली.

फियाट म्हणजे कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचं हे नाव गाडीला १९७४ साली मिळालं आणि त्याच साली ती कुर्ल्याच्या कारखान्यातून आमच्या गिरगावातल्या चाळीत आली. चाळीत तिला पद्मिनी म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. फियाट ती फियाटच! गाडी नोंदवल्यावर किती वर्षं वाट पाहिली, हा आकडा आमचे अण्णा दर गणपतीत एकेका वर्षाने वाढवून सांगतात.

अण्णांचा छोटा छापखाना होता. त्यामुळे राणी आली तरी तिच्या नशिबी राणीपण नव्हतं. डिकीत कागदाची रिमं, मागच्या सीटवर लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि पुढच्या सलग सीटवर अण्णा, आई, मी आणि धाकटी बहीण. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधल्याच्या गुडघ्यांना धोका नव्हता. चाळीतल्या किमान तीन बाळंतिणी या गाडीतून वेळेवर पोचल्या, आणि एक नवरदेव वेळेवर पोचला नाही. पण त्यात गाडीचा दोष नव्हता.

अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. छापखाना बंद होऊन जमाना झाला. दर रविवारी ते गाडीला फडकं मारतात, चोक ओढून ती सुरू करतात, दहा मिनिटं तिची घरघर ऐकतात आणि बंद करतात. चालवायला आम्ही बंदी घातली आहे. तशी बाजारात जायला, एकट्याने रस्ता ओलांडायला आणि स्टुलावर चढायलाही घातली आहे.

तर पदवीचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येईल. मी हौसेने अर्ज छापून आणला. अट एकच होती. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

"म्हणजे भाजी आणायला न्यायची नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"लग्नामुंजीत मिरवायची, डॉक्टरकडे न्यायची आणि वेळेवर खायला घालायचं. असंच ना?"

"साधारण तसंच."

"मग माझा अर्ज कधी भरलात?"

मी चष्मा पुसायला घेतला. सही काही झाली नाही.

तेवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तो नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटला असतो. त्याने आम्हांला फोनवर जुन्या स्टॉक कारची शर्यत दाखवली. स्टॉक म्हणजे दुकानात असते तशी साधी गाडी. १९४९ साली त्याच्याच गावात अशा गाड्यांची पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हा लोकांनी घरच्या गाड्या तशाच उतरवल्या होत्या म्हणे. जवळच विन्स्टन-सेलमला फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा लंबगोल डांबरी रस्ता आहे, त्यावरही गाड्या गरगर फिरतात.

"एवढं फिरून पोचतात कुठे?" अण्णा.

"निघाले तिथेच, आजोबा. आणि सारखे डावीकडेच वळतात."

"मग घाण्याच्या बैलाने काय पाप केलं होतं?" असं म्हणून अण्णा पुन्हा स्क्रीनला नाक लावून बसले.

त्या उत्सुकतेचा फायदा घेऊन मी त्यांना एका रविवारी हॉर्निमन सर्कलला विंटेज गाड्यांची रॅली बघायला नेलं. थाट बघून तरी सही करतील, हा माझा डाव. फियाटनेच गेलो. रॅलीच्या निमित्ताने बंदी एक दिवस उठवली, फक्त चक्र माझ्या हातात. गाडी गल्लीत लावली. टाउन हॉलच्या पायऱ्यांपासून बागेच्या कठड्यापर्यंत माणसंच माणसं. पितळी दिव्यांच्या, रुंद पावठ्यांच्या गाड्या आरशासारख्या चमकत होत्या. मालक जुन्या काळचे कपडे घालून उभे होते. इथे जोरात हाणणाऱ्याला बक्षीस नाही. बक्षीस जुनेपणाला आणि जपणुकीला. अण्णा एका लांबलचक गाडीपाशी थांबले.

"रोज किती किलोमीटर होतात?"

"रोज?" मालक हसले. "वर्षातून दोनदा काढतो. आज ट्रकवर घालून आणली."

अण्णांनी तिच्या बॉनेटवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "बिचारी!"

माझा डाव तिथेच फसला. परत निघालो. गल्लीतून नाक बाहेर काढतो तोच हवालदाराने जोरात हात हलवून आम्हांला रॅलीच्या रांगेत घातलं. मागे एक भली मोठी अमेरिकन गाडी, पुढे दोघांची टपाची गाडी, मध्ये आम्ही. बागेला एक फेरी झाली. बाहेर पडायच्या तोंडाला स्वयंसेवकाने पुन्हा 'पुढे, पुढे' केलं. दुसरी फेरी! अमेरिकेत सारखं डावं वळण, आमचं उजवं, एवढाच फरक. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, वळायची खूण करताहेत. ते लोकांना हात करत होते!

आणि लोक टाळ्या वाजवत होते. फियाटला! टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली. हात केला की जी थांबायची, तिला बघायला आता लोक थांबले होते.

तिसऱ्या फेरीत, ऐन टाउन हॉलसमोर, ती बंद पडली. मी घामाघूम. चार पोरं धावत आली आणि ढकलू लागली. त्यांतल्या एकाने खिडकीत डोकं घातलं.

"आजोबा, विंटेज आहे का?"

"नाही," अण्णा म्हणाले, "चालू आहे."

आणि खरोखरच इंजिनाने ठसका दिला आणि घरघर सुरू झाली. अण्णांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ग्रँट रोडवरून घे. भाजी घ्यायची आहे."

दाराशी पिशव्या बघून ही म्हणाली, "रॅलीत कांदे वाटतात वाटतं!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्ज दिसला. सही नव्हतीच. पाठकोऱ्या बाजूवर अण्णांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : आलं, मिरच्या, पाव किलो खोबरं. कोरा कागद वाया घालवायचा नाही, ही छापखान्याची सवय. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला, पिशवी घेतली आणि जिना उतरू लागले.

मी कठड्याशी गेलो. हाक मारणार होतो, नाही मारली. खाली रस्त्यापाशी ते थांबले, आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, आणि कुणाचाही हात न धरता पलीकडे गेले.